रंगीत बाथरूमची बाजू

घणाच्या पहिल्या घावात ती भिंत पडत नाही. टीव्हीवर पडते. अमेरिकेत घरं नव्यानं करून देणाऱ्या कार्यक्रमांमधला हा ठरलेला प्रसंग आहे. डोळ्यांवर जाड चष्मा, हातात घण, समोर गुलाबी नाहीतर पोपटी टाइल्सचं बाथरूम. घराची नवी मालकीण पहिला घाव घालते, सगळे ओरडतात, संगीत चढतं आणि पुढच्या दृश्यात खोली रिकामी असते. मधले तास कापून टाकलेले असतात. त्या तासांत काय होतं, ते ज्यानं असं बाथरूम स्वतः तोडलंय त्याला विचारावं. टाइलचा टवका उडतो, पण मागचा सिमेंटचा थर हलत नाही. तो निघालाच, तर आत लोखंडी जाळी लागते आणि ती हात कापते. संध्याकाळी दोन माणसं थकून बसलेली असतात आणि अर्धी भिंत अजून उभी असते.

मला त्या अर्ध्या उभ्या भिंतीबद्दल बोलायचं आहे.

१९५०च्या दशकातलं अमेरिकन बाथरूम लहानच असे, साधारण पाच फूट बाय आठ फूट. पण त्या चाळीस चौरस फुटांत किती काम आहे! आधी भिंतीच्या लाकडी सांगाड्यावर जाळी ठोकायची. तिच्यावर वाळू-सिमेंटचा चांगला इंचभर जाडीचा थर द्यायचा, तो ओळंब्यात आणायचा आणि ओला असतानाच, पाण्यात भिजवून ठेवलेल्या सव्वाचार इंची टाइल्स त्यात एकेक करून दाबायच्या. कडेला गोल धारेच्या टाइल्स, वरच्या काठाला काळी किंवा मरून पट्टी. साबणदाणी, ब्रश अडकवायची जागा, कागदाची गुंडाळी ठेवायचा कोनाडा, हे सगळं चिनी मातीचं आणि भिंतीतच रुतवलेलं. आरशामागच्या औषधांच्या कपाटाला मागे एक बारीक फट असे. दाढीची वापरलेली ब्लेडं त्या फटीतून भिंतीच्या पोकळीत टाकायची. आज असली भिंत फोडली की गंजक्या ब्लेडांचा ढीग खाली घरंगळतो. ही भिंत कुणी कधी फोडेल, असं त्या माणसांच्या मनातच आलं नव्हतं.

टब बिडाचा, शंभर-दीडशे किलोंचा. कारखान्यात तो लालबुंद तापवून त्यावर काचेची रंगीत भुकटी चाळणीनं पेरत. ती जागच्या जागी वितळून तिचा मुलामा होई. सत्तर वर्षांनीही अशा टबात गरम पाणी बराच वेळ गरम राहतं, आणि त्यात उभं राहिलं तर तळ दबत नाही. टीव्हीवर हाच टब घणानं फोडतात, कारण अखंड उचलून दारातून न्यायला तो फार जड असतो. त्याच्या जागी येणारा ॲक्रिलिकचा टब एका माणसाला उचलता येतो. कार्यक्रमात याला सुधारणा म्हणतात.

मी हे कार्यक्रम कित्येक वर्षं आवडीनं पाहिले आहेत. एखाद्या दमलेल्या जोडप्याला धड स्वयंपाकघर मिळालं की मलाही बरं वाटतं. तरीही माझं ठाम मत झालं आहे, की या कार्यक्रमांनी लोकांना स्वतःच्या घराकडे परक्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी पाहायला शिकवलं, आणि त्या नजरेचा सगळ्यात मोठा बळी म्हणजे जुनं रंगीत बाथरूम.

ते रंग आले कुठून, हे आधी पाहू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाथरूम पांढरंच असे. रोगजंतूंमुळे आजार होतात हे लोकांना नुकतंच पटलं होतं आणि पांढऱ्यावर मळ लपत नाही. इस्पितळाची ती शिस्त घरात आली. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे १९०४ साली सुरू झाली, तिच्या स्थानकांच्या भिंतींवर पांढऱ्या आयताकृती टाइल्स होत्या त्याही याच काळाच्या. आज टीव्हीवर त्याच टाइल्स ‘कधीच जुनी न होणारी निवड’ म्हणून लावतात. मला हे ऐकून दरवेळी वाईट वाटतं, कारण त्याही एका काळाची, एका भीतीची खूणच आहेत. गुलाबी टाइल १९५५ची वाटते आणि पांढरी टाइल १९०४ची वाटत नाही, एवढाच फरक. आणि तो फरक टाइलमध्ये नाही, आपल्याला रोज काय दाखवलं जातं त्यात आहे.

१९२७ साली कोहलर कंपनीनं रंगीत टब, बेसिन आणि कमोड एकमेकांशी जुळणाऱ्या छटांमध्ये बाजारात आणले. स्प्रिंग ग्रीन, लॅव्हेंडर, होरायझन ब्लू, ओल्ड आयव्हरी अशी त्या रंगांची नावं होती. ऐकायला सोपं वाटतं, पण टब बिडाचा आणि बेसिन चिनी मातीचं. दोन्हींची भट्टी वेगळी, मुलामा वेगळा, आणि तरी दोन्हींवर हिरवा अगदी तोच दिसायला हवा. हे साधणं म्हणजे कसब होतं. दोनच वर्षांनी, १९२९ मध्ये, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयातल्या प्रदर्शनात कोहलरचा काळा टब आणि बेसिन मांडले गेले. अंघोळीच्या खोलीतल्या वस्तू कलासंग्रहालयात! ज्या गोष्टीकडे तोवर फक्त स्वच्छतेच्या दृष्टीनं पाहिलं जात होतं, तिच्यात आनंदही असू शकतो ही कल्पना तेव्हा नवी होती.

मग मंदी आली, युद्ध आलं. कारखाने युद्धाच्या कामाला लागले, घरबांधणी थंडावली. १९४५ नंतर सैनिक परतले, सरकारच्या मदतीनं कर्जं मिळाली आणि शहरांबाहेर लाखो लहान घरं उभी राहिली. स्वतःचं घर, त्यात स्वतःचं बाथरूम, ही अनेक कुटुंबांच्या आयुष्यातली पहिलीच वेळ होती. मंदी आणि रेशन पाहिलेल्या त्या माणसांनी बाथरूमला रंग निवडला, तो बहुतेकदा गुलाबी. १९५३ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या पत्नी मेमी यांनी शपथविधीच्या समारंभासाठी गुलाबी झगा घातला, त्यावर दोन हजारांहून जास्त खडे जडवलेले होते. त्या छटेला ‘मेमी पिंक’ हे नावच पडलं. गेटिसबर्गचं त्यांचं शेतघर आता राष्ट्रीय स्मारक म्हणून जपलेलं आहे, आणि तिथलं मेमींचं बाथरूमही गुलाबीच आहे. सरकार जे बाथरूम पर्यटकांना कौतुकानं दाखवतं, त्याच्याच जातीची बाथरूम्स टीव्हीवर आठवड्यातून कितीदा तरी फोडली जातात.

पुढे सत्तरच्या दशकात अव्हाकाडो हिरवा आणि हार्वेस्ट गोल्ड हा गडद पिवळा आले. ब्रिटनमध्ये तर अव्हाकाडो रंगाचं बाथरूम हा थट्टेचाच विषय होऊन बसला. तो रंग मलाही फारसा आवडत नाही. पण मला न आवडणं हे तो फोडायला पुरेसं कारण आहे का?

आता टीव्हीकडे वळू. हे कार्यक्रम पहिल्यापासून असे नव्हते. १९७९ साली बोस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या सार्वजनिक वाहिनीवर ‘धिस ओल्ड हाउस’ सुरू झाला. पहिल्या हंगामात शहराच्या डॉर्चेस्टर भागातलं एकच जुनं व्हिक्टोरियन घर घेतलं होतं आणि भागामागून भाग त्याचंच काम चाललं होतं. छत का गळतं, तुळई का कुजली, जुनी खिडकी काढायची की दुरुस्त करायची, हे कारागीर समजावून सांगत. कंटाळवाणं वाटेल इतकं सविस्तर. पण घर म्हणजे समजून घ्यायची गोष्ट आहे, हे त्यातून पोहोचत असे.

त्यानंतर वेळ आकसत गेला. १९९४च्या अखेरीला एचजीटीव्ही ही घरबागेला वाहिलेली वाहिनी आली. ब्रिटनमध्ये १९९६ साली शेजाऱ्यांनी एकमेकांच्या खोल्या बदलायचा ‘चेंजिंग रूम्स’ सुरू झाला, त्यावरून २००० साली अमेरिकेत ‘ट्रेडिंग स्पेसेस’ निघाला. दोन दिवस, एक हजार डॉलर, एक खोली. २००३ मध्ये ‘एक्स्ट्रीम मेकओव्हर: होम एडिशन’ आला, त्यात सात दिवसांत अख्खं घर. महिन्यांचे दिवस झाले आणि जिथं दिवसच मोजके असतात तिथं जुनी गोष्ट समजून घ्यायला सवड नसते. घण लवकर चालतो.

शिवाय या कार्यक्रमांचा सगळा प्राण ‘आधी’ आणि ‘नंतर’ या दोन चित्रांत असतो. दोन्हींतला फरक जितका मोठा तितका भाग यशस्वी. नळाचा वायसर बदलला, टाइल्सचे सांधे खरवडून नव्यानं भरले, टबाच्या मुलाम्यावरचा डाग घासून काढला, तर खोली पुन्हा पन्नास वर्षं चालेल. पण कॅमेऱ्याला दोन्ही चित्रं जवळजवळ सारखीच दिसतील. दुरुस्ती पडद्यावर दिसत नाही. म्हणून ती दाखवली जात नाही आणि दाखवली जात नाही म्हणून ती पर्याय आहे हे लोक विसरतात. जाहिरातींचं गणित वेगळं सांगायला नको. टाइल्स, नळ, बेसिन विकणाऱ्यांचे पैसे ज्या कार्यक्रमात येतात, तो ‘आहे ते छान आहे’ असं म्हणून संपणार नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. २०१३ साली सुरू झालेल्या ‘फ्लिप ऑर फ्लॉप’सारख्या कार्यक्रमांत घर स्वस्तात घ्यायचं, नवं करायचं, विकून नफा कमवायचा, असा धंदा दाखवतात. तिथं करडा आणि पांढरा वापरणं मला समजतं. गिऱ्हाईक कोण येणार हे माहीत नाही, तेव्हा कुणालाच न खटकणारं घर करावं लागतं. पण हीच रीत हळूहळू राहायच्या घरातही शिरली. वीस वर्षं तिथं राहायचं ठरवून आलेलं जोडपंही आता म्हणतं, ‘हे जुनाट दिसतं, विकताना अडचण येईल.’ विकताना! अजून सामान उघडलेलं नाही आणि निघायची तयारी सुरू झाली. जो माणूस कधी आलेलाच नाही, त्याच्या आवडीसाठी आपण रोज सकाळी डोळ्यांसमोर असणारी खोली रंगहीन करतो.

‘आपापली आवड’ असं यावर कुणी म्हणेल. ज्याला खरोखर पांढरं आवडतं त्यानं पांढरं करावं, माझं काही म्हणणं नाही. पण भाग-भाग पाहिल्यावर मला असं दिसलं, की लोक जुन्या बाथरूमच्या दारात उभे राहून जवळजवळ तीच वाक्यं त्याच क्रमानं बोलतात. ही जर प्रत्येकाची स्वतःची आवड असती, तर शब्द इतके एका छापाचे आले नसते.

आमच्या घराचं सांगते. आम्ही अमेरिकेत घेतलेलं घर पन्नाशीच्या दशकातलं आहे. बाथरूम फिकट हिरवं, काळ्या पट्टीचं. घर दाखवणाऱ्या दलालानं दारातच सांगितलं, ‘हे तर तुम्ही तोडालच.’ काँट्रॅक्टरनं आत पाऊल न टाकता खर्चाचा आकडा दिला. पैसे नव्हते म्हणून थांबलो, हे खरं कारण. पण थांबलो म्हणून ती खोली कळली. कमोडच्या टाकीचं झाकण उलटं केलं तर आत तारीख उमटवलेली होती, १९५६ची. सकाळी पूर्वेच्या खिडकीतून ऊन आलं की टाइल्सचा हिरवा आरशात उतरतो आणि तोंड धुणाऱ्याचा चेहरा थोडा ओला, थोडा झाडाखालचा दिसतो. आई राहायला आली तेव्हा दुसऱ्याच दिवसापासून ती ‘बाथरूमला जाऊन येते’ म्हणायचं सोडून ‘हिरवीत जाऊन येते’ म्हणू लागली. घरातल्या बाकी कुठल्याच खोलीला तिनं नाव दिलं नाही.

जुन्या बाथरूमविरुद्धचे काही मुद्दे खरे आहेत आणि ते मी टाळणार नाही. पाण्याचंच घ्या. त्या काळातले कमोड एका वेळी पाच गॅलन, म्हणजे जवळजवळ एकोणीस लिटर पाणी सोडत. १९९२च्या कायद्यानं नव्या कमोडचं हे प्रमाण १.६ गॅलनवर, म्हणजे सुमारे सहा लिटरवर आणली. हा कायदा योग्यच होता. आम्ही कमोड बदलला, नवा पांढरा आहे, आणि हिरव्या भिंतीशेजारी तो मुळीच विजोड दिसत नाही. एक कमोड बदलण्यासाठी चारही भिंती पाडाव्या लागत नाहीत. तसंच वयाचं. बिडाच्या उंच टबात पाय टाकणं सत्तरीनंतर अवघड जातं. भिंतीत पक्कं बसवलेलं कडं, टबात ठेवायची खुर्ची, हातात धरायचा शॉवर यांनी पुष्कळ वेळा भागतं. नाही भागलं तर टब काढावा, त्यात दुमत नाही. माणसापेक्षा टाइल मोठी नाही. आणि मागचं लाकूड कुजलेलं असेल तर भिंत उघडायलाच हवी.

पण ‘जुनं म्हणजे धोकादायक’ हा मुद्दा मात्र उलटा आहे. अमेरिकेत घरगुती रंगातलं शिसं १९७८ मध्ये बंद झालं. त्याआधीच्या घरांत रंगात शिसं, काही फरशांत आणि पाइपांच्या आवरणात ॲस्बेस्टॉस असू शकतं. हे पदार्थ शाबूत असताना सहसा त्रास देत नाहीत, फोडले की त्यांची धूळ होते आणि धूळ फुप्फुसात जाते. म्हणजे टीव्हीवर ज्या क्षणाला टाळ्या पडतात, तोच घरातला सगळ्यात धोक्याचा क्षण असू शकतो. हे मी अंदाजानं म्हणत नाही. २०१८ साली ‘फिक्सर अपर’ या गाजलेल्या कार्यक्रमामागच्या मॅग्नोलिया होम्स या कंपनीनं अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संस्थेशी तडजोड केली. शिशाच्या रंगाबद्दलचे नियम नूतनीकरणात पाळले गेले नव्हते, आणि संस्थेनं त्यासाठी कार्यक्रमातली दृश्यंच तपासली होती. कंपनीला चाळीस हजार डॉलर दंड भरावा लागला आणि टेक्सासमधल्या वेको शहरात घरांमधलं शिसं काढण्यासाठी एक लाख साठ हजार डॉलर खर्च करायचं कबूल करावं लागलं. लाखो लोकांना घर कसं तोडायचं ते दाखवणाऱ्या कार्यक्रमावर केवढी जबाबदारी असते, हे या एका प्रकरणातून कळावं.

पैशाचा मुद्दा मला त्याहून पोकळ वाटतो. बाथरूम नवं करण्यावर घातलेला पैसा घर विकताना सहसा पुरता परत येत नाही. आणि रंगामुळे किंमत पडते म्हणावं, तर २०१७ मध्ये घरांच्या खरेदी-विक्रीची माहिती देणाऱ्या झिलो कंपनीनं विकल्या गेलेल्या घरांची छायाचित्रं तपासली, तेव्हा निळ्या भिंतींच्या बाथरूमची घरं अपेक्षेपेक्षा सरासरी ५,४४० डॉलरनं जास्त किमतीला गेलेली दिसली. हा आकडा धरून उद्या कुणी भिंत निळी करावी असं मी म्हणणार नाही. पुढच्या वर्षी दुसरा रंग वर येईल. रंगांचा बाजार असाच हलतो. त्याच्या मागे धावत दर दहा वर्षांनी खोली फोडायची का, एवढाच प्रश्न आहे.

आणि फोडलेलं जातं कुठे? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या हिशोबानं २०१८ मध्ये त्या देशात बांधकाम आणि पाडकामाचा साठ कोटी टन राडारोडा निघाला. त्यात रस्ते-पूलही आले, पण नव्वद टक्क्यांहून जास्त भाग पाडकामाचा होता, आणि घरोघरी रोज निघणाऱ्या नगरपालिकेच्या कचऱ्याच्या दुपटीहून तो जास्त भरला. कार्यक्रमात अंगणातला तो प्रचंड लोखंडी डबा दिसतो ना, त्यात टाइल्स, बीड, चिनी माती, पितळी नळ सगळं एकत्र पडतं. खरं तर गरजूंना घरं बांधून देणाऱ्या हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेची जुन्या सामानाची दुकानं आहेत. पहिलं १९९१ साली कॅनडातल्या विनिपेगमध्ये उघडलं. अखंड काढलेलं बेसिन तिथं देता येतं आणि दुसऱ्या कुणाच्या त्याच रंगाच्या बाथरूमला ते मिळतं. पण त्यासाठी ते अखंड काढावं लागतं. त्याला वेळ लागतो, आणि बेसिनचे बोल्ट सोडवणाऱ्या माणसाचं दृश्य कुणी दाखवत नाही.

मला नेमकं तेच दृश्य हवं आहे. हंगामातल्या दहा भागांपैकी एक भाग असा करा, ज्यात काहीच तोडलं जात नाही. एखादा म्हातारा टाइल कारागीर बोलवा आणि भिंत वाजवून आत पोकळी आहे का ते कसं कळतं, हे त्याला दाखवू द्या. गुलाबी टाइल्सशेजारी भिंतीला कुठला रंग लावला की त्या खुलतात आणि कुठला लावला की मळकट दिसतात, यावरच अर्धा तास जाईल, आणि मी तो डोळे न हलवता पाहीन. तोडायचंच असेल, तर तोडण्याआधी शिशाची तपासणी केलेली पडद्यावर दिसू द्या, आणि बाहेरच्या डब्याचं वजनही सांगा.

२०२३ मध्ये कोहलरला दीडशे वर्षं झाली. त्यानिमित्त कंपनीनं आपले जुने सहा रंग लोकांपुढे ठेवून मतं मागवली. निवडून आले स्प्रिंग ग्रीन आणि पीचब्लो, पहिला १९२७चा हिरवा आणि दुसरा पीचच्या फुलाच्या छटेचा गुलाबी. दोन्ही रंगांत नवीन टब-बेसिन पुन्हा विकायला आले. मला आनंद झाला, पण त्याच आठवड्यात टीव्हीवर एका घरातलं गुलाबी बेसिन घणाखाली गेलेलं पाहिलं होतं, हेही विसरता आलं नाही.

आमच्या घराच्या तळघरात, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीमागच्या फळीवर, एक पुठ्ठ्याची पेटी सापडली. आत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या एकोणीस हिरव्या टाइल्स होत्या, सव्वाचार इंची, बाथरूममधल्याच. आधीच्या मालकांनी, किंवा त्यांच्याही आधीच्यांनी, पुढे लागतील म्हणून जपून ठेवलेल्या. मागच्या हिवाळ्यात नळाशेजारच्या दोन टाइल्सना तडा गेला होता. दिवसभर भिजवून त्या जागी दोन बसवल्या. उरलेल्या सतरा पुन्हा कागदात गुंडाळल्या आणि पेटी होती तिथं, भट्टीमागच्या फळीवर ठेवली.